तीन बंधांचा कार्बन

कार्बनला चार बंध हवेतच, ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पक्की समजूत होती. त्याआधी सुटे मूलक, म्हणजे एक बंध रिकामा राहिलेले रेणूचे तुकडे, सापडल्याचे दावे बरेच झाले. 1849 मध्ये फ्रँकलंडने इथिल मिळाल्याचं जाहीर केलं. ते निघालं ब्युटेन, म्हणजे दोन इथिल एकमेकांना जोडलेले. अशी तोंडं पोळल्यावर रसायनशास्त्रज्ञ ताकही फुंकून पिऊ लागले.

मोझेस गॉम्बर्गलाही मूलक नकोच होता. रशियातून अमेरिकेत आलेला हा तरुण 1897 मध्ये हायडेलबर्गला व्हिक्टर मायरच्या प्रयोगशाळेत टेट्राफेनिलमिथेन करून मिशिगनला परतला होता. आता हेक्साफेनिलइथेन करायचं, एवढाच बेत. ट्रायफेनिलमिथिल क्लोराइडवर चांदीची पूड टाकली, पांढरा पदार्थ मिळाला. पण पृथक्करणात कार्बन 94 टक्क्यांच्या आसपास हवा, तो भरला जेमतेम 88. दुसरा कुणी हात गचाळ म्हणून सोडून देता. गॉम्बर्गने पुन्हापुन्हा केलं, तोच आकडा. उरलेला वाटा ऑक्सिजनचा होता आणि तो हवेतून येत होता.

मग त्याने कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात प्रयोग केला. पिवळा विद्राव मिळाला. हवा लागताच त्याचं पेरॉक्साइड होई, आयोडीनही तो झटकन गिळे. तीनच बंधांचा कार्बन! 1900 साली निबंध छापताना, हे क्षेत्र माझ्यासाठी राखून ठेवा, अशी विनंतीही त्याने केली. अर्थातच कुणी ऐकली नाही.

या मूलकात जीव तगतो, कारण तिन्ही बेन्झीन कडी त्याचा एकटा इलेक्ट्रॉन आपापसांत वाटून घेतात, शिवाय दाटी करून जोडीदाराला लांब ठेवतात. तोच इलेक्ट्रॉन काढून घेतला की उरतो धनभारित कार्बन, कार्बोकॅटायन. 1901 मध्ये ट्रायफेनिलमिथेनॉल तीव्र सल्फ्युरिक आम्लात गर्द पिवळं होतं असं दिसलं, आणि पुढच्याच वर्षी बायरने त्यातला क्षारासारखा स्वभाव ओळखला. आपल्याकडे जखमेवर लावायचं जांभळं औषध, जेन्शन व्हायोलेट, याच कुळातलं.

मूलकांची जोडी जमून होणाऱ्या रेणूला मात्र पुस्तकं हेक्साफेनिलइथेनच म्हणत राहिली. पाच-सहा वर्षांतच याकोबसनने वेगळी रचना सुचवली होती: एकाचा मधला कार्बन दुसऱ्याच्या कड्याच्या टोकाला जुळतो. तिच्याकडे दुर्लक्ष झालं. 1968 मध्ये एनएमआरने तीच खरी ठरवली. गॉम्बर्गला जे करायचं होतं, ते त्याच्या हातून कधीच झालं नव्हतं.