नराला बंदी असलेली शर्यत

अक्कलकोटसारख्या संस्थानावर काम करताना पागेची एखादी यादी हाती आली, तर नुसती जनावरं मोजून पुढे जाऊ नका. का, ते एका शर्यतीवरून पाहू.

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर 'इंडियन ओक्स' ही २४०० मीटरची मानाची शर्यत होते. त्यात फक्त चार वर्षांच्या माद्या धावतात. हे वाचून आपण लगेच लिहून टाकतो, 'मादी कमजोर, म्हणून राखीव शर्यत.' पण दुसरा नियमही बघा. त्याच मैदानावर, तेवढ्याच अंतराच्या इंडियन डर्बीत घोडी नरांबरोबर धावू शकते. १९४३ ची पहिली डर्बी तर बडोद्याच्या महाराजांच्या 'प्रिन्सेस ब्युटिफुल' या घोडीनंच मारली!

मग वेगळी शर्यत कशाला? उत्तर पैदाशीत आहे. एका नरापासून हंगामात अनेक घोड्या गाभण राहतात. घोडीला मात्र वर्षाला जेमतेम एक शिंगरू. म्हणून पैदाशीला कोणती घोडी ठेवायची, याची पारख फार मोलाची. इंग्लंडची मूळ 'ओक्स' १७७९ ची, म्हणजे डर्बीहूनही वर्षभर जुनी.

तेव्हा पागेच्या यादीत घोड्या किती, शिंगरं किती, तेही बघा. राखीव जागा दिसली की आधी विचारा: ही दया, की गुंतवणूक?