शेवटच्या सिटिंगनंतर

स्तनाच्या कॅन्सरवर क्ष-किरण वापरल्याची पहिली हकिकत जानेवारी १८९६ ची, शिकागोमधली आहे. राँटगेनने हे किरण शोधून जेमतेम दोन-अडीच महिने झाले होते. एमिल ग्रुबे नावाच्या तरुणाने एका बाईच्या स्तनातल्या गाठीवर ते सोडले, असं तो पुढे सांगत असे. सांगणारा तोच, आणि तेही बऱ्याच वर्षांनी, त्यामुळे इतिहासकार या दाव्याकडे जरा तिरक्या नजरेने बघतात. ग्रुबेचा स्वतःचा हात मात्र किरणांनी भाजला आणि पुढे कापावा लागला, याबद्दल वाद नाही. म्हणजे उपचार आणि त्याच्यामागे राहणारा त्रास, दोन्ही एकाच सुमाराला सुरू झाले. उपचाराचा इतिहास पुस्तकांत सहज सापडतो. त्रासाचा हुडकावा लागतो.

मी तो हुडकायला लागले, त्याचं कारण माझा डावा हात. नगरहून पुण्याला जाऊन पंचवीस सिटिंग घेतली, त्याला आता आठ वर्षं झाली. आमच्याकडे रेडिएशनला कुणी ‘शेक’ म्हणतं, कुणी ‘लाईट’. शेक चालू असताना कातडी काळवंडेल, सोलेल, थकवा येईल, हे सगळं आधी सांगितलेलं होतं, आणि ते महिना-दीड महिन्यात ओसरलंही. दुसऱ्या वर्षानंतर जे सुरू झालं, ते कुणी सांगितलं नव्हतं. खांदा आखडला. छातीची कातडी आतून कुणीतरी टाचल्यासारखी ओढू लागली. संध्याकाळी हात भरून यायचा, बांगडी रुतायची. एका मोठ्या रुग्णालयात हे सांगितलं, तर उत्तर मिळालं, “गाठ परत आलेली नाही ना? मग झालं तर.”

त्यामागचं शरीरशास्त्र फार अवघड नाही. कातडीच्या पेशी भराभर बदलतात, म्हणून तिचं नुकसान लगेच दिसतं आणि लगेच भरूनही येतं. स्नायूंभोवतीचं अस्तर, बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांचं चक्र संथ असतं. तिथलं नुकसान महिन्यांनी, कधी वर्षांनी वर येतं आणि त्या जागी ताठर, वणासारखा धागा तयार होतो. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील आणि वर शेकही दिला असेल, तर हातातला लसीका-द्रव वाहून जायच्या वाटा दोन्हीकडून अरुंद होतात आणि हाताला सूज राहते.

सुरुवातीच्या यंत्रांचे किरण वरच्यावरच जास्त भाजत. त्यामुळे कातडी लाल झाली की डॉक्टर हात आखडता घेत. कातडी हेच त्यांचं मोजमाप होतं. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्टचं यंत्र रुग्णांसाठी सुरू झालं आणि हे गणित बदललं. कोबाल्टचा सर्वांत जास्त मारा कातडीवर न होता तिच्याखाली अर्ध्या सेंटिमीटरवर होतो. कातडी वाचली, ही मोठीच सोय झाली. पण धोक्याची खूणही त्याबरोबर गेली. वरून सगळं ठीक दिसत असताना आत किती भाजतंय, हे कळायला वर्षं जावी लागत.

त्यात यंत्रं थोडी आणि रुग्ण फार. काही ठिकाणी रोजचा डोस वाढवून सिटिंग कमी केली गेली. स्वीडनमधल्या उमेओ इथे १९६३ ते १९६५ या काळात रोज ४ ग्रे असा मोठा डोस घेतलेल्या स्त्रियांचा तिथल्या डॉक्टरांनी तीस वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केला. खांद्यातून हाताकडे जाणारा मज्जातंतूंचा जुडगा निकामी होत गेल्याने अनेकींचे हात हळूहळू लुळे पडले होते, आणि नवा त्रास पहिल्या दहा वर्षांत थांबला नव्हता. मला या अभ्यासाबद्दल भीतीपेक्षा आदर जास्त वाटतो. स्वतःच्या उपचाराने झालेलं नुकसान इतकी वर्षं मोजत बसायला हिंमत लागते.

ब्रिटनमध्ये ते मोजायला लावलं रुग्ण स्त्रियांनीच. हात निकामी झालेल्या बायकांनी १९९१ मध्ये ‘रेज’ नावाची संघटना काढली. नाव आद्याक्षरांचं, पण इंग्रजीत त्याचा अर्थ ‘संताप’, आणि तो योगायोग नसावा. त्यांच्या रेट्यामुळे तिथल्या रेडिओलॉजिस्टांच्या रॉयल कॉलेजने स्वतंत्र चौकशी करवली, तिचा अहवाल १९९५ मध्ये आला. छातीचा आणि काखेचा शेक देताना मध्ये रुग्णाला हलवल्याने दोन्हींचा मारा एकाच जागी पडणं, हे त्यात संभाव्य कारण म्हणून पुढे आलं.

त्यानंतर तिथे ‘स्टार्ट’ नावाच्या चाचण्या झाल्या, साडेचार हजारांच्या जवळपास स्त्रियांवर. गाठ परत आली का, एवढंच त्यात विचारलं नाही. हात किती उचलता येतो, सूज आहे का, स्तन आकसला का, हे प्रश्नावल्या आणि छायाचित्रांतून वर्षानुवर्षं नोंदवलं. पंचवीसऐवजी पंधरा सिटिंगमध्ये ४० ग्रे दिले, तर कॅन्सर तितकाच आटोक्यात राहतो आणि मागे राहणारा त्रास उलट कमी होतो, हे त्यातून कळलं. २०२० मध्ये तर पाच सिटिंगच्या, एका आठवड्याच्या उपचाराचे निकाल आले. हृदयाचा हिशोबही असाच उशिरा लागला. स्वीडन-डेन्मार्कच्या नोंदींवरून २०१३ मध्ये दिसलं की हृदयावर पडणाऱ्या सरासरी प्रत्येक ग्रेमागे हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो. डाव्या बाजूच्या शेकाला आता पुष्कळ ठिकाणी श्वास भरून रोखायला सांगतात, ते हृदय किरणांच्या वाटेतून मागे सरकावं म्हणून.

हे सगळं कळलं, कारण वर्षांनंतर कुणीतरी परत विचारायला गेलं. आपल्याकडे कोण जातं? पाथर्डी-शेवगावकडची बाई पुण्यामुंबईला शेक घेऊन येते आणि दिवाळीच्या पुढेमागे ऊसतोडीला निघून जाते. ती कुठल्या प्रश्नावलीत सापडणार? पण घरोघर जाऊन विचारणं आपल्याला परकं आहे, असंही नाही. जामखेडच्या हद्दीपलीकडे भूम, परांडा आणि बार्शी या तालुक्यांत १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. गावात कागद नसतात, म्हणून नोंद घेणारे स्वतः गावोगाव फिरतात. खुद्द जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, पुष्कळदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग या बायकांनी दारात जाऊन हाताळलं. बार्शीची नोंदणी कॅन्सर कुणाला झाला आणि कोण जगलं, हे सांगते. हात वर जातो का, हा प्रश्न तिचा नाही. तो जामखेडच्या तऱ्हेने विचारायचा प्रश्न आहे, आणि विचारणारीने आपल्या बोलीत विचारावा. भाकरी थापता येते का? वेणी घालताना हात मागे पोचतो का? कळशी कुठल्या कमरेवर घेता?

कळशीवरून आठवलं. “त्या हाताने काही उचलू नको” हे मला घरच्यांनी आणि दवाखान्यानेही बजावलं होतं, आणि मी दोन वर्षं तो हात नुसता सांभाळत बसले. वास्तविक २००९ मध्येच अमेरिकेतल्या एका चाचणीत हाताला सूज असलेल्या स्त्रियांकडून, दाबाची बाही घालून, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, अगदी थोड्यापासून वाढवत वजन उचलून घेतलं होतं. सूज वाढली नाही. ती मधूनच उफाळण्याचे प्रसंग उलट कमी झाले. हे मला फिजिओथेरपिस्ट बाईंकडून कळलं. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीपासून त्यांनी सुरुवात करून दिली. आता किराण्याची पिशवी त्या हाताने आणते, पण दाबाची बाही घालून. नखाशेजारी चीर पडली तरी लगेच धुऊन मलम लावते, कारण या हाताला जंतू फार लवकर धरतात. शिंपिणीला सांगून ब्लाउजची डावी बाही दीड इंच सैल ठेवते आणि हुक पुढे लावून घेते. दोन वर्षांपूर्वी दीड इंच पुरत नव्हतं.