कांगड्याचे मीठ

मीठ म्हटले की आम्हां कारकुनांस कर आठवतो, नाहीतर दांडी. कांगडा खोऱ्यातील मिठाचा इतिहास मात्र निराळा आहे. हे खोरे तेव्हा पंजाबात होते. डोंगरउतारावरील मातीतले आयोडीन पावसाने धुऊन जाते, ते धान्यात उतरत नाही. आणि त्यावाचून अवटू ग्रंथीस आपला रस करता येत नाही. ती फुगते, आणि गळ्याशी गलगंड दिसू लागतो.

1956 साली डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले. दोहोंस आयोडीनयुक्त मीठ दिले, एकास साधे. सहा वर्षांत त्या दोन भागांतील गलगंडाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरले. तिसऱ्यात ते हटले नाही. त्यानंतर तिसऱ्यासही तेच मीठ मिळू लागले. शास्त्राला तुलना लागते, हे आम्हांस मान्य आहे. तरीही साध्या मिठावर राहिलेल्या त्या खेड्यांतील गर्भवती मनातून जात नाहीत. आयोडीनअभावी गर्भातच खुरटलेली बुद्धी पुढे कोणत्याही गोळीने भरून येत नाही. ग्रंथीच निकामी झाली तर मीठही पुरत नाही. तेथे थायरॉक्सिनच द्यावे लागते.

1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे हाच पुरावा होता. प्रयोगाचा पुढील वृत्तांत 1973 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला. त्याच्या लेखकांत देव व करमरकर ही नावे वाचून, परमुलखात फायली चाळणाऱ्या आम्हांस किंचित अभिमान वाटला, हे लपवीत नाही.