पिंगचं मूळ समुद्रात

पणजीहून मिरामार ओलांडून दोनापावलाला गेलं की राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था लागते. संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने १९८१ च्या जानेवारीत हिंदी महासागराच्या तळातून धातूंचे गोळे वर काढले. तेवढ्या खोल पाण्याचा ठाव दोर सोडून घेण्याचे दिवस तोवर सरले होते. जहाजाच्या बुडाचं ‘सोनार’ हे यंत्र आवाज सोडतं आणि तळावर आपटून परत यायला त्याला किती वेळ लागला, ते मोजतं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो. पडसाद चार सेकंदांनी आला, तर तळ तीन किलोमीटरवर.

पेडणे-डिचोलीकडच्या पंचायतीत ‘लाईन गेली’ म्हणून दाखला अडतो, तेव्हा तंत्रज्ञ संगणकावर पहिली आज्ञा देतो ती ‘पिंग’. तिचं कूळ हेच.

अमेरिकी लष्कराच्या मेरिलँडमधल्या प्रयोगशाळेत १९८३ च्या डिसेंबरात माइक मूस यांच्यापुढे एक चमत्कारिक अडचण आली: नेटवर्क नीट चालेना आणि दोष कुठे ते कळेना. पलीकडच्या यंत्राला हाक द्यावी आणि त्याने ती तशीच परतवावी, ही सोय इंटरनेटच्या १९८१ च्या नियमावलीत होती. तिचा वापर करून वेळ मोजता येतो, हे संगणकतज्ज्ञ डेव्ह मिल्स यांनी १९८३ मध्येच बोलता बोलता सांगितलं होतं. कॉलेजात असताना मूस यांनी सोनारचा अभ्यास केला होता. त्यांनी एका रात्रीत हजारेक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि सोनारच्या आवाजाचंच नाव त्याला दिलं. हीच आपली सर्वांत गाजलेली कामगिरी ठरेल हे ठाऊक असतं, तर आणखी एक-दोन दिवस दिले असते, असं ते पुढे म्हणाले.

त्यांनीच सांगितलेली एक हकिकत मला फार आवडते. इमारतीतली एक केबल कुठेतरी सैल होती. एकाने, उत्तर आलं की संगणक मोठ्याने ‘पिंग’ म्हणेल अशी व्यवस्था केली, आवाज वाढवला आणि एकेक जोडणी हलवत इमारतभर फिरला. आवाज थांबला, तिथे दोष.

पुढे १९८६ च्या ऑक्टोबरात बर्कलेत वेगळंच संकट आलं. जेमतेम चारशे यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधल्या नेटवर्कचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० वर कोसळला. तार कुठे तुटली नव्हती, गर्दीच तुंबली होती. संशोधक व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये इलाज मांडला: माहिती हरवू लागली की पाठवणाऱ्याने आपणहून वेग आवरायचा. वाटेतला एकेक टप्पा दाखवणारं ‘ट्रेसराउट’ही त्यांचंच.

आता पुन्हा पंचायतीतल्या ‘लाईन’कडे. पणजी ते डिचोली अंतर तीसेक किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन एका मिलिसेकंदाचा तिसरा हिस्साही लागू नये. पिंगचा आकडा दोनशे मिलिसेकंद दिसला, तर त्याचं खापर अंतरावर फोडता येत नाही. दिवसभर मधूनमधून उत्तरंच गायब होत असतील, तर आधी जोडण्या तपासाव्यात. सकाळी आकडा लहान आणि कचेरी भरली की मोठा होत असेल, तर माहिती रांगेत अडकते आहे. त्यासाठी केबल शोधायला रस्ता खणून काही उपयोग नाही.