व्हॉल्व्ह परतले ते जपानमध्ये

आमच्या आजोळी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवलं की आवाज लगेच यायचा नाही. मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून आधी तांबूस उजेड भिंतीवर पडायचा, मग जराशी गुणगुण आणि मग बातम्या. हे थांबणं म्हणजे काचेच्या नळीतलं ऋणाग्र तापायला लागणारा वेळ, हे पुढे कॉलेजात कळलं.

प्रवाह एकाच दिशेनं जाऊ देणारी निर्वात नळी फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये बनवली, म्हणून ती झडप, म्हणजे व्हॉल्व्ह. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरं अग्र घातलं, बारीक तारेची जाळी. जाळीवरचा दाब किंचित बदलला की इलेक्ट्रॉनांचा प्रवाह बराच बदलतो. हीच ट्रायोड नळी, हेच विवर्धन. चाळीस वर्षं या नळीचं राज्य होतं. १९४७ साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर आला आणि ते संपत गेलं.

ते संपवण्यात जपानचा वाटा मोठा. पुढे सोनी नावानं ओळखल्या गेलेल्या कंपनीनं १९५५ मध्ये ट्रान्झिस्टर रेडिओ विकायला काढला. १९७० च्या दशकात जपानी कंपन्यांचे ट्रान्झिस्टर अँप्लिफायर जगभर पोचले आणि त्यांच्यात चुरस लागली ती एका आकड्याची: विरूपणाची. आत एक शुद्ध स्वर दिला, तर बाहेर त्याच्याबरोबर दुप्पट, तिप्पट वारंवारतेचे उपस्वरही थोडेसे येतात. ते सगळे मिळून किती टक्के, हा तो आकडा. ट्रान्झिस्टरच्या मंडलात तो ०.०१ टक्क्याच्याही खाली नेता येतो. एकट्या ट्रायोडवर चालणाऱ्या साध्या अँप्लिफायरमध्ये, पूर्ण जोर लावला की, तो काही टक्क्यांवर जातो.

आणि नेमकं याच देशात, याच काळात, काही माणसं उलट्या दिशेनं निघाली. टोकियोच्या अकिहाबारा भागात युद्धानंतर रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार उभा राहिला होता. ‘मुसेन तो जिक्केन’, म्हणजे ‘बिनतारी आणि प्रयोग’, हे मासिक १९२४ पासून निघत होतं. घरी मंडल जोडणारे वाचक होतेच. त्यांना अमेरिकी चित्रपटगृहांसाठी १९३० च्या दशकात बनलेली ‘३००बी’ ही ट्रायोड भावली. ती जेमतेम ८ वॅट देते आणि त्यासाठी पंचवीस-तीस वॅट खाते. पण मंडलात दोन-तीन नळ्या, थोडे रोधक आणि एक ट्रान्सफॉर्मर. बारावीचा विद्यार्थी एका दुपारी ते समजून घेऊ शकेल.

खरं हस्तकौशल्य त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. नळीला सुमारे ३५०० ओहमचा भार हवा, स्पीकर ८ ओहमचा. रोधाचं गुणोत्तर वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाइतकं असतं, म्हणून वेढे सुमारे २१ ला १ हवेत. इथवर सोपं. पण खर्जासाठी वेढे पुष्कळ लागतात, आणि वेढे वाढले की त्यांच्यामधली धारकता वाढून वरचे स्वर मरतात. शिवाय नळीचा स्थिर प्रवाह सतत वाहून लोखंड संपृक्त होऊ पाहतं, म्हणून गाभ्यात कागदाएवढी फट ठेवावी लागते आणि गाभा मोठा करावा लागतो. मग गुंडाळीचे तुकडे पाडायचे, एकाआड एक रचायचे, मध्ये कागद घालायचा. सूत्र दिशा दाखवतं, बाकीचं हात शिकतो.

हिरोयासु कोन्दो यांनी १९७६ मध्ये ‘ऑडिओ नोट’ काढली आणि ट्रान्सफॉर्मर चक्क चांदीच्या तारेनं गुंडाळले. १९८९ चा त्यांचा ‘ओंगाकु’ (अर्थ, संगीत) २११ नळीवर सुमारे २७ वॅट देई आणि चांगल्या मोटारीहून महाग होता. चांदीचा रोध तांब्याहून जेमतेम ६ टक्के कमी. तांब्याची तार ३ टक्के जाड घेतली की तेच साधतं! चांदीचं गूढ मला तरी पटलेलं नाही. तातेयामा गावात छोटं उपाहारगृह चालवणारे सुसुमु साकुमा मला जास्त जवळचे वाटतात. ते आपले एककर्णी अँप्लिफायर स्वतः जोडून तिथेच गिऱ्हाइकांना ऐकवत आणि मंडलं मासिकात छापत.

मग आवाज खरोखर चांगला असतो का? दुसरा उपस्वर म्हणजे वरचा सा, तिसरा म्हणजे त्यावरचा पंचम. सातवा मात्र कोमल निषादाहूनही उतरलेला, बहुतेक स्वरांशी न जुळणारा. एकट्या ट्रायोडच्या विरूपणात मुख्य वाटा दुसऱ्याचा असतो, तो मूळ स्वरात मिसळून जातो. एकूण टक्केवारी मात्र सातव्याला आणि दुसऱ्याला एकाच मापानं मोजते. जपानी कारागिरांचा आकड्यावरचा अविश्वास इथे अगदीच निराधार नव्हता. पण उलट बाजूही आहे. यंत्र दिसू न देता, पातळी काटेकोर सारखी ठेवून ऐकवलं की चांगल्या अँप्लिफायरांमधला फरक ओळखताना भलेभले चुकतात. नळीचा उजेड आणि किंमत डोळ्यांना कळते, आणि डोळा कानाला सांगत असतो.

शाळेत करायचं तर जुना ट्रान्सफॉर्मर उलगडून गुंडाळीचे थर पाहावेत. नळीचं मंडल मात्र नको. २११ ला हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो, आणि बटण बंद केल्यावरही संधारकात तो बराच वेळ टिकून राहू शकतो.