मुतखडा, जंतुजन्य

मूत्रमार्गात शिरलेल्या विवक्षित जीवाणूंच्या यूरिएज या एंझाइमामुळे मूत्र क्षारधर्मी होऊन त्यातील लवणे स्फटिकरूपाने साचतात व त्यांपासून जो खडा बनतो, त्यास ही संज्ञा आहे. भारतीय रुग्णांत कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे खडे बहुसंख्य असून हा प्रकार त्या मानाने थोडा. परंतु वाढीचा वेग आणि पुनरुद्भव या बाबतींत अत्यंत हट्टी.

एंझाइम : यूरिएज यूरियाचे विघटन करून अमोनिया व कार्बन डाय-ऑक्साइड मुक्त करते. गोठा दोन दिवस झाडला नाही किंवा कपाशीला दिलेला युरिया ओल्या जमिनीवर उघडा राहिला, म्हणजे जो उग्र दर्प नाकात शिरतो, तो याच विक्रियेचा. फरक एवढाच की येथे ती वृक्कात चालते. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये अबईच्या जातीच्या एका शेंगवर्गीय बियांच्या पिठात सौम्य ॲसिटोन मिसळून, गाळलेला द्रव रात्रभर थंडाव्यात ठेवून यूरिएजाचे स्फटिक मिळविले. एंझाइम स्फटिकरूपात हाती येण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि एंझाइमे प्रथिने असतात हे त्यावरून ठरले. सतराव्या वर्षी शिकारीतील अपघातात डावा हात गमावलेल्या या डावखुऱ्या संशोधकास नऊ वर्षांच्या चिकाटीचे फळ नोबेल पारितोषिकाच्या रूपाने १९४६ मध्ये मिळाले. या एंझाइमाच्या क्रियास्थानी निकेल असते, हे १९७५ मध्ये उघड झाले.

स्फटिकीभवन : अमोनिया पाण्यात विरघळून मूत्राचे पीएच मूल्य ७·२ च्या वर गेले, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट सहा रेणू स्फटिकजलासह एकत्र येऊन स्ट्रुव्हाइट बनते, कार्बोनेटाच्या योगाने कॅल्शियमाचे कार्बोनेट-ॲपेटाइटही जोडीस येते. सूक्ष्मदर्शकाखाली स्ट्रुव्हाइटाचे स्फटिक शवपेटिकेच्या झाकणासारखे दिसतात, असे पाठ्यपुस्तके सांगतात. ज्याने शवपेटिका पाहिली नाही त्याने चहूबाजूंनी उतरत्या छपराचे घर डोळ्यांपुढे आणावे. जुने ‘त्रिफॉस्फेट’ हे नाव मिश्र खड्याच्या पृथक्करणातून रूढ झाले असून स्ट्रुव्हाइटास ते शोभत नाही. स्ट्रुव्हाइट हे नाव १८४५ मध्ये हॅम्बर्ग येथे सापडलेल्या खनिजास उलेक्स यांनी फोन श्ट्रूव्हे या रशियन मुत्सद्द्याच्या सन्मानार्थ दिले. खडा वाढताना जीवाणूंना पोटात घेतो. सबब औषध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. वाढता वाढता तो वृक्कातील सर्व शाखा व्यापून सांबरशिंगाचा आकार घेतो.

जीवाणू : प्रोटियस मिरॅबिलिस प्रमुख, क्लेब्सिएला व प्रॉव्हिडेन्सिया यांतील काही जाती. मूत्रसंसर्गात नेहमी आढळणाऱ्या ई. कोलायमध्ये यूरिएज सहसा नसते.

इतिहास : सुश्रुताने अश्मरीचे चार भेद सांगितले असून त्यांपैकी श्लेष्माश्मरीचे श्वेत, स्निग्ध, कोंबडीच्या अंड्यासारखे अथवा मोहाच्या फुलाच्या रंगाचे वर्णन वाचून ती हीच, असे म्हणण्याचा मोह होतो, परंतु रंगावरून रसायन ठरविणे धोक्याचे. जीवाणू व खड्याचे घटक यांचा संबंध ब्राउन यांनी १९०१ मध्ये सुचविला.

पातूर व वऱ्हाड : जुन्या दप्तरांत पातूर शेख बाबू या नावाने नोंदलेले हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे गाव दक्षिणेकडील डोंगरपायथ्याशी असून पूर्णेकाठचा खारपाणपट्टा त्याच्या उत्तरेस आहे. खडा झाला की खाऱ्या पाण्यास बोल लावावा आणि हुलग्याचे कढण किंवा पानफुटीचे पान द्यावे, हा या मुलखातील परिपाठ. कडक ऊन व अपुरे पाणी यांमुळे मूत्र दाट होते व इतर प्रकारच्या खड्यांस ते पोषक असते, हे खरे. प्रस्तुत प्रकारात मात्र जीवाणूविना काहीच घडत नाही. तपासणीच्या नमुन्याबाबत एक खबरदारी आवश्यक आहे : वैशाखात पातूरहून अकोल्यास एसटीने नेलेली बाटली बाहेरच्या जीवाणूंनी वाटेतच क्षारधर्मी होऊ शकते आणि निरोग्याच्या मूत्रातही छपराकृती स्फटिक दाखविते.

उपचार : खडा नि:शेष काढणे.

जनावरे : कुत्र्यांत बहुधा जंतुजन्य, धान्यावर पोसलेल्या खच्ची बोकडांत आढळणारे स्ट्रुव्हाइट बहुतांशी आहारातील फॉस्फरसामुळे, संसर्गाविना.