सर्पविष-प्रतिविष

सर्पविष-प्रतिविष : सर्पविषातील प्रथिनांचे कार्य निष्प्रभ करणारे, घोड्याच्या रक्तापासून तयार केलेले प्रतिपिंडयुक्त औषध. सर्पविष हे मुख्यतः प्रथिनांचे मिश्रण असते. नाग व मण्यार यांच्या विषातील काही प्रथिने तंत्रिका व स्नायू यांच्या संधीवर परिणाम करून श्वसनाचे स्नायू लुळे पाडतात. घोणस व फुरसे यांच्या विषातील एंझाइमे रक्त साखळण्यास लागणारे घटक सक्रिय करून संपवितात. त्यामुळे रक्तस्राव थांबत नाही.

इतिहास : विष टोचलेल्या प्राण्याच्या रक्तरसात विषरोधक गुण येतो, हे १८९४ मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी, तसेच सेझेर फिझालिक्स व गाब्रिएल बेर्त्रां यांनी स्वतंत्रपणे दाखविले. नागविषाविरुद्धचा रक्तरस सर्व सर्पदंशांवर चालेल, असे काल्मेत यांचे मत होते. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील जॉर्ज लॅम्ब यांच्या १९०३ व १९०४ मधील निबंधांनी ते खोडून निघाले. प्रतिपिंड ज्या प्रथिनाविरुद्ध निर्माण होतो, त्याच्याशी वा त्याच्यासारख्या प्रथिनाशीच तो बद्ध होतो. म्हणून भारतात वरील चारही सर्पांच्या विषांविरुद्ध बहुसंयोजी प्रतिविष तयार होऊ लागले. मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेचे कार्य यात महत्त्वाचे आहे. विषप्रथिनांचा उपयोग वैद्यकातही झाला. रॉबर्ट मॅकफार्लेन व बर्जेस बार्नेट यांनी १९३४ मध्ये घोणसाचे विष हीमोफिलियातील रक्तस्राव थांबविण्यासाठी वापरून पाहिले. त्यावर आधारलेली रक्तपरीक्षा आजही केली जाते.

निर्मिती : घोड्यांना विषाच्या वाढत्या अल्प मात्रा टोचून त्यांच्या रक्तद्रवातून प्रतिपिंड मिळवितात. पेप्सिन या एंझाइमाने प्रतिपिंडाचा अनावश्यक भाग तोडतात. त्यामुळे विषाशी बद्ध होणारा भाग टिकून राहतो व प्रतिकूल प्रतिक्रियांचा संभव घटतो. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे, १९७१ मध्ये स्थापन झालेल्या भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स या कंपनीचा कारखाना असून ती असे प्रतिविष तयार करते. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे एकमेकांना लागून असली, तरी बदलापूरच्या पलीकडे भातशेती व डोंगराळ भाग सुरू होतो. अशा भागांत पावसाळ्यात सर्पदंशाचा धोका वाढतो.

मर्यादा : २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिविषासाठी लागणारे विष प्रामुख्याने तमिळनाडूतील इरुळा सहकारी संस्थेकडून (स्थापना १९७८) येते. परंतु एकाच जातीच्या विषातील प्रथिने प्रदेशपरत्वे बदलतात, आणि सह्याद्रीतील चापडा या सापाचे विष तर या चार विषांत मोडतच नाही. प्रचलित प्रतिविष इतर काही जातींच्या विषांवर अपुरे पडते, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखविले. लॅम्ब यांनी निदर्शनास आणलेली विशिष्टता आजही प्रतिविषाच्या परिणामकारकतेची कसोटी असून, प्रादेशिक विषांचा अभ्यास हाच तिच्यावर उतरण्याचा मार्ग होय.